रविवारी पान्याला हात नाही

टेलरबाईंच्या नळाची वाट मीच लावली, हे आधी कबूल करून टाकतो. शनिवारी संध्याकाळी त्या वरच्या मजल्यावरून खाली आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांना सांगाल का? माझ्या मोरीतला नळ मुळाशी पाझरतोय." मी म्हणालो, "एवढ्याशासाठी त्यांना कशाला त्रास? बघून बघून मलाही येतं." प्लंबरचा जावई म्हणजे अर्धा प्लंबर, असा माझा तेव्हा समज होता. पक्कड घेतली, वर गेलो आणि भिंतीतून येणाऱ्या पाइपवरचा नट दात-ओठ खाऊन आवळला. पाझर थांबला. टेलरबाईंनी चहा दिला, तोही मी प्यायलो.

जुन्या पाइपच्या आट्यांना चीर पडली होती, ती रविवारी सकाळी पावणेदहाला उघडी झाली. नळ उडून समोरच्या भिंतीवर आदळला आणि मागून पाण्याचा दांडका सुटला. मी धावत जिन्याखाली गेलो, इमारतीचा मोठा व्हॉल्व्ह बंद करायला लागलो, तर त्याचं गंजलेलं चाक तुटून माझ्या हातात आलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. पण ते अवलक्षण ज्यांच्या डोक्यावर कोसळलं ते माझे सासरे. ही गोष्ट त्यांची.

त्यांना सगळे नळमामा म्हणतात. बाकीचे लोक प्रार्थनेसाठी गुडघे टेकतात. मामांचा दिवस गुडघ्यांवरच जातो. बेसिनखाली, मोरीत, संडासाच्या भांड्यामागं. त्यामुळं खाली वाकलंच आहे तर प्रार्थनाही उरकून घ्यावी, असा त्यांचा सरळ हिशेब. पाण्याची लाइन बंद करून पाइप रिकामा व्हायची वाट बघायची, तेवढ्यात तीन-चार 'नमो मारिया' होतात. घरमालकाला वाटतं, प्लंबर पुटपुटून शिव्या देतोय.

चार वर्षांपूर्वी फादरांनी त्यांना बोलावून सांगितलं, "अंथरुणाला खिळलेल्यांना रविवारी घरी कम्युनियनची पवित्र भाकर पोहोचवायला माणूस हवाय. तुम्ही तसेही सगळ्यांच्या घरात जाता."

मामांनी हात मागं लपवले. "फादर, हे हात कुठं-कुठं जाऊन आलेत, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. गेल्या महिन्यात माझाच संडास तुंबला होता."

मामांनी होकार दिला खरा, पण तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. दर शनिवारी संध्याकाळी धुण्याचा सोडा आणि ब्रश घेऊन ते न्हाणीघरात बसतात आणि हात घासत राहतात. सासूबाई दारातून ओरडतात, "थोडी कातडी शिल्लक ठेवा, उद्या लागेल!" इतकं करूनही नखांच्या कडेची काळी रेघ काही जात नाही. गर्दीच्या दिवशी चर्चमध्ये फादरांबरोबर मामाही कम्युनियन द्यायला उभे राहिले, की त्यांच्यासमोरची रांग हळूहळू आटते आणि माणसं खांबाआडून फादरांच्या रांगेत सरकतात. मामांना ते दिसतं. वाईट वाटायचं सोडाच, ते मनातल्या मनात म्हणतात, बरोबर आहे लोकांचं.

आजाऱ्यांकडे जाताना ही भाकर, आमच्या श्रद्धेनं साक्षात ख्रिस्ताचं शरीर, एका पितळी डबीत ठेवतात. बोटभर उंचीची, घट्ट झाकणाची डबी. ती चामड्याच्या लहानशा पाकिटात घालून गळ्यात अडकवायची आणि थेट त्या घरी जायचं. वाटेत रेंगाळायचं नाही, गप्पा नाहीत, बाजारहाट नाही. फादरांनी एवढंच सांगितलं होतं. मामांनी त्यावर स्वतःची भर घातली. डबी गळ्यात असली की ते एक अक्षर बोलत नाहीत. उजवा हात छातीवर. कुणी हाक मारली तर मान हलवायची. आणि त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. अवजारांची पिशवी रविवारी घरात, खाटेखाली.

या नियमाचा सगळ्यात जास्त ताप झाला तो मोठ्या बाईंना.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. वय त्र्याऐंशी, एकट्या राहतात, गळ्यात गाठ. चौथीत मामा त्यांच्या वर्गात होते. रोज सकाळी नखं तपासली जायची आणि मामांच्या बोटांवर रोज पट्टी बसायची, कारण मामांचे वडीलही प्लंबर होते आणि पोरगं शाळेआधी त्यांच्याबरोबर हिंडायचं. मामा पहिल्यांदा डबी घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा बाईंनी उशीवरून मान उचलली आणि म्हणाल्या, "हात दाखव." पन्नाशी उलटलेल्या मामांनी दोन्ही हात पुढं केले, आधी उलटे, मग सुलटे. तेव्हापासून दर रविवारी हात तपासल्याशिवाय बाई कम्युनियन घेत नाहीत.

याच बाईंच्या स्वयंपाकघरातला नळ सहा महिने गळत होता. वॉशर झिजलेला. दहा मिनिटांचं काम.

"दर रविवारी प्लंबर येतो आणि दर रविवारी नळ गळतो," बाई म्हणायच्या.

बाईंना कम्युनियन देऊन झालं की मगच मामांचं तोंड उघडायचं. "बाई, रविवारी पान्याला हात नाही. मंगळवारी येतो."

"कुठल्या मंगळवारी? साल सांग."

पण मंगळवारी कुठंतरी पाइप फुटायचा, कुणाची टाकी वाहायची. गळका नळ थांबू शकतो, फुटलेला थांबत नाही, हा धंद्यातला नियम. त्यात बाईंची कधी तक्रारही नसायची, नुसता टोमणा. जो ओरडत नाही त्याचं काम मागं पडतं, हे मामांना कळायचं आणि ते दर मंगळवारी स्वतःवरच चिडायचे.

तर त्या रविवारची गोष्ट. बाईंच्या गळ्यातली गाठ श्वासाशी भिडली होती. त्याच संध्याकाळी मोठ्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं होतं, अकरा वाजता गाडी न्यायला येणार होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, साडेदहानंतर पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. या वयात टेबलावरून परत येणं न येणं देवाच्या हातात, हेही त्यांनी बाईंच्या भाचीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बाजूला घेऊन सांगितलेलं बाईंना नेहमीच आधी ऐकू जातं.

फादर शुक्रवारीच येऊन बाईंना आजाऱ्यांसाठीचं पवित्र तेल लावून गेले होते आणि तेव्हाच कम्युनियनही देऊ करत होते. बाई नको म्हणाल्या. "ती वाटेची शिदोरी आहे. शिदोरी निघताना घेतात, दोन दिवस आधी नाही."

रविवारी फादरांना दुसऱ्या चर्चमध्ये दुसरी मिस्सा, म्हणजे उपासना, चालवायची होती. त्यांनी डबी मामांच्या हातात दिली आणि म्हणाले, "साडेदहाच्या आत, मामा."

नऊ पस्तीसला मामा निघाले. चर्चपासून बाईंचं घर चालत पंचवीस मिनिटं. वेळ मुबलक होता, तरी मामा भरभर चालत होते. वाटेत त्यांना नाही नाही ते सुचत होतं. बाईंना गिळता आलं नाही तर? ठसका लागला तर? गाडी लवकर आली तर?

निम्म्या वाटेवर आमची इमारत लागते. मी भिजून चिंब, हातात व्हॉल्व्हचं चाक घेऊन रस्त्यात उभा होतो.

"मामा! बरं झालं, देवच पावला!"

मामांनी छातीकडे बोट दाखवलं आणि माझ्या बाजूनं पुढं निघाले.

"मामा, टेलरबाईंचा पाइप फुटलाय. शाळेचे चाळीस गणवेश कापून ठेवलेत त्यांनी, सगळे भिजतील. पाणी विजेच्या बोर्डाकडे चाललंय. व्हॉल्व्ह..." मी चाक वर धरलं.

मामा थांबले. चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत काय होतं ते मी इथं लिहीत नाही. हे सगळं माझी बायकोही वाचणार आहे. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. नऊ अठ्ठेचाळीस.

नंतर त्यांनीच एकदा सांगितलं, की त्या क्षणी पाय खरोखर दोन दिशांना ओढत होते. पुढं गेलं तर एका बाईची वर्षभराची कमाई आणि अब्रू पाण्यात. थांबलं तर दुसरी बाई शिदोरीवाचून जाणार. आणि गळ्यात जो आहे त्याला विचारावं तर तो गप्प. "प्रभू, मी थांबतोय," असं ते मनात म्हणाले. "चुकत असेल तर मला धर. म्हातारीला धरू नकोस."

आणि ते जिना चढले.

वर टेलरबाई पाइपच्या तोंडावर दोन्ही हात आणि एक घडी केलेली चादर दाबून उभ्या होत्या. पाणी त्यांच्या कोपरांतून चहूकडे उडत होतं. कापलेलं निळं कापड त्यांनी मशीनवर, मशीनवरून कपाटावर चढवलं होतं, पण जमिनीवरच्या गठ्ठ्यांना हात पुरला नव्हता.

मामांनी तोंड उघडलं. चार वर्षांत डबी गळ्यात असताना पहिल्यांदाच.

"जावईबापू, गच्चीवर जा. टाकीतून जो पाइप खाली येतो त्याच्या तोंडात आतून चिंधी कोंबा. घट्ट. दुसऱ्या कशालाही हात लावू नका."

मी पळालो. टाकीत खांद्यापर्यंत हात घालून जुना टॉवेल कोंबला. परत आलो तेव्हा पाण्याचा जोर ओसरत होता आणि मामा हातानं छाती झाकून कोपऱ्यात उभे होते.

"डबी भिजेल," ते म्हणाले.

"काढून ठेवा ना कपाटावर," टेलरबाई म्हणाल्या. "तिथं फक्त नवे कपडे असतात."

"नाही. अशी कुठं ठेवता येत नाही."

"असं काय आहे तिच्यात?"

मी म्हणालो, "देव."

टेलरबाई आमच्या चर्चच्या नव्हेत. त्यांनी एकदा मामांच्या गळ्याकडे पाहिलं, एकदा पाइपकडे. "मग त्यालाच सांगा की पाणी थांबवायला."

"सांगितलं," मामा म्हणाले. "त्यानं मला पाठवलं."

टेलरबाईंना हसू आलं की रडू, कळलं नाही. पण त्या हुशार. शिवून झालेल्या कपड्यांवर घालायचं प्लास्टिकचं आवरण त्यांनी खेचून काढलं, मामांच्या गळ्यातल्या पाकिटाभोवती दोनदा गुंडाळलं आणि चार टाचण्यांनी शर्टाला असं पक्कं बसवलं, की घोड्यावर बसून गेले असते तरी हललं नसतं.

अवजारं घरी, खाटेखाली. माझी पक्कड तेवढी हजर होती. मामांनी तिनं फुटलेला तुकडा पिळून बाहेर काढला. त्याच्या जागी बसवायला काहीच नव्हतं. त्यांनी झाडूच्या लाकडी दांडक्याचा वीतभर तुकडा पाडला, कात्रीनं टोक निमुळतं केलं, टेलरबाईंच्या सगळ्यात जाड दोऱ्याचे वेढे त्याला दिले, वरून साबण चोळला आणि पाइपच्या तोंडात ठोकला. ठोकताना हात सटकला. अंगठ्यावर गंजक्या कडेनं रेघ ओढली. रक्त, गंज आणि साबण एक झाले. दर ठोक्याला ते घड्याळ बघत होते. दहा वाजले. दहा-पाच.

"चिंधी काढा," त्यांनी मला सांगितलं.

मी गच्चीवर जाऊन चिंधी काढली. पाइप एकदा गुरगुरला. दोऱ्याच्या कडेला एक थेंब फुगला, तिथंच राहिला, पडला नाही.

"सोमवारी येऊन नीट करतो," मामा टेलरबाईंना म्हणाले आणि जिना उतरायलाही लागले. दहा-सोळा.

मी मागं धावलो. "मामा, स्कूटरवर सोडतो, तीन मिनिटांत!"

"आज तुमच्या हातात कुठलंही चाक नको," ते मागं न बघता म्हणाले.

चालत म्हणायचं, पण ते पळतच होते. साठीला टेकलेला माणूस, ओला शर्ट, छातीवर टाचलेलं प्लास्टिक, हातांना रक्त आणि गंज. ओळखीचे लोक हाका मारत होते, "मामा, काय झालं?" मामांची मान हलत नव्हती की तोंड. मी दहा पावलं मागून चाललो होतो. त्याहून जवळ जायची माझी छाती नव्हती.

बाईंच्या दारात गाडी आधीच येऊन उभी होती. मामा तिला वळसा घालून आत शिरले.

आत खोलीत बाईंना स्ट्रेचरवर घेतलं होतं, पट्टे बांधून झाले होते. भाची दारातच आडवी आली. "मामा, आता कुठं येताय? दहा चोवीस झाले! सकाळपासून तुमचीच वाट बघतेय ती. आता तोंडात काही द्यायचं नाही, मी देऊ देणार नाही."

"साडेदहा म्हणाले होते डॉक्टर," मामा धापा टाकत म्हणाले.

"सहा मिनिटांत काय होणार? तिला गिळायलाच पाच मिनिटं लागतात!"

स्ट्रेचरवरून आवाज आला. घोगरा, फाटका, पण वर्ग गप्प करणारा. "घंटा कोण वाजवतं या वर्गात?"

भाची बाजूला झाली.

मामा पुढं गेले. बाईंनी डोळे वळवले. "हात दाखव."

मामांनी हात पुढं केले नाहीत. "बाई, आज नको."

"दाखव."

त्यांनी दाखवले. आधी उलटे, मग सुलटे. गंजानं काळे-तांबडे, अंगठा फाटलेला, नखांत दोऱ्याचे तंतू. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. भाची घड्याळ बघत होती.

"कुठं होतास?"

"एका टेलरबाईंचा पाइप फुटला होता. थांबलो. चुकलं असेल, बाई."

"रविवारी?"

"हो."

"पान्याला हात लावलास?"

"पक्कड होती."

"आणि माझा नळ?"

स्वयंपाकघरातून तेवढा आवाज येत होता. टप. टप.

"जा, धू," बाई म्हणाल्या. "माझ्याच नळाखाली धू."

मामांनी त्या गळक्या नळाखाली हात धुतले. रक्त गेलं, गंज राहिला. परत येऊन त्यांनी एकेक करून टाचण्या काढल्या. प्लास्टिक ओलं, पाकिटाची दोरी ओली. त्यांनी डबी उघडली. आत सगळं कोरडं होतं.

पण आता त्या पांढऱ्या भाकरीला ही बोटं लावायची होती. त्यांनी बोटं पुन्हा एकदा शर्टाला पुसली. दहा सत्तावीस.

"पंचेचाळीस वर्षं नखं तपासली मी," बाई म्हणाल्या. एकेका शब्दाला त्यांना दम लागत होता. "कामाची घाण कुठली आणि आळसाची कुठली, ते कळतं मला. चल, आटप."

मामांनी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मोडला, चमच्यातल्या घोटभर पाण्यात ठेवला आणि वर धरला. "ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन."

बाईंनी डोळे मिटले. गळा एकदा हलला आणि अडकला. भाचीनं तोंडावर हात ठेवला. बाईंचा चेहरा लाल झाला, पट्ट्याखालची बोटं आवळली गेली. मामांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. खोलीत फक्त नळ. टप. टप. टप.

मग गळा पुन्हा हलला, आणि बाईंनी लांब श्वास सोडला.

"गेलं," त्या म्हणाल्या.

डबीत उरलेली भाकर तशी ठेवायची नसते. मामांनी ती स्वतः घेतली, त्याच हातांनी, स्ट्रेचरशेजारी गुडघे टेकून. गाडीचा ड्रायव्हर दारात येऊन घसा खाकरला. साडेदहा.

बाहेर नेताना बाईंनी बोट उचललं. मामा वाकले.

"वॉशर," बाई म्हणाल्या.

"बसवतो, बाई. तुम्ही परत आलात की..."

"आल्यावर नाही. यायच्या आधी."

त्या संध्याकाळी मामा जेवले नाहीत. फोन वाजला की दचकायचे. सासूबाई म्हणाल्या, "आता तुमच्या हातात काय आहे?" तर त्यांनी खरोखरच हातांकडे पाहिलं. ऑपरेशन झालं, बाई शुद्धीवर आल्या, हे सोमवारी सकाळी कळलं. पण पुढचे आठ दिवस काही सांगता येत नाही, असंही कळलं. मामांनी सोमवारी टेलरबाईंचा पाइप नीट करून दिला. कपाटावर चढवलेलं कापड सगळं वाचलं होतं. जमिनीवरच्या तीन गठ्ठ्यांचा रंग मात्र उतरला होता. त्या तीन गठ्ठ्यांतले गणवेश माझ्या बायकोनं तिथं बसून नव्यानं कापून दिले. मी कात्रीजवळ जाऊ नये, हे सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं.

शनिवारी मामा फादरांकडे पापनिवेदनाला गेले. त्यांना वाटत होतं, डबी गळ्यात असताना थांबलो, बोललो, पक्कड धरली. या सगळ्याचा जाब मिळणार. त्यांनी सगळं सांगितलं.

"डबी भिजली?" फादरांनी विचारलं.

"नाही."

"बाईंना वेळेत मिळालं?"

"मिळालं."

"त्या टेलरबाई?"

"त्याही सुटल्या."

"मग मामा, पाप नेमकं कशाचं सांगताय?"

"बाईंच्या नळाचं," मामा म्हणाले. "सहा महिने मी त्यांना रविवारचा नियम सांगत होतो, फादर. नियम खरा होता. पण मंगळवारही खरे होते."

फादरांनी त्यांना एक प्रार्थना सांगितली आणि प्रायश्चित्त म्हणून तो वॉशर बसवायला सांगितलं.

आता पंचाईत अशी, की बाईंचं घर बंद आहे. किल्ली भाचीकडे, भाची तिकडं इस्पितळाजवळ खोली घेऊन बसली आहे, आणि महिनाअखेरीशिवाय तिचं येणं नाही. बाई वाचल्या, पण आवाज गेलाय, पाटीवर लिहून बोलतात. परवा भाचीनं पाटीचा फोटो पाठवला. एकच शब्द, त्याखाली दोन रेघा. "वॉशर?"

मामांनी तो फोटो दहादा पाहिला. बाहेरचा कॉक बंद केला तर पाणी थांबतं, हे मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, पाणी थांबेल, पण काम झालं असं होईल का? मी म्हणालो, मग कुलूप तोडू, मी आहे ना.

"पक्कड आणू का तुमची, जावईबापू?" मामा म्हणाले.

वॉशर त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे, रविवारी डबीच्या पाकिटाच्या बरोबर मागं. रोज संध्याकाळी काम आटपून ते बाईंच्या घरावरून लांबच्या वाटेनं येतात, स्वयंपाकघराच्या बंद खिडकीखाली घटकाभर थांबतात आणि कान देतात. अजून गळतोय.